हात नको, काठी चालेल

संग्रहालयात मी हात मागे बांधूनच फिरते. 'हात लावू नये' ही पाटी लहानपणापासून इतकी वाचलीय की घरच्या शोकेसपुढेही हात आपोआप मागे जातात. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरनं मात्र तिकिटाबरोबर हातात गोल्फची काठी दिली आणि म्हटलं, मारा!

कलाकारांकडून मिनी गोल्फ बनवून घ्यायचा हा उद्योग त्यांनी २००४ साली सुरू केला. शिल्पकार ओल्डेनबर्ग आणि व्हान ब्रुगेन यांचा तो अगडबंब चमचा, त्यावर चेरी, तिथल्याच शिल्पबागेत आहे. तो तळ्यात असल्यामुळे त्याला लांबूनच नमस्कार.

चित्रकाराला समीक्षकाची भीती असते, इथे चेंडूची. उतार चुकला की चेंडू सरळ पायाशी परत. बोळकांडी अरुंद झाली की आत अडकतो आणि मागे रांग वाढते. वरून ऊनपाऊस, शिवाय कलाकृतीवर चढून उभी राहणारी कार्टी. एवढं सांभाळून त्यात आशय कोंबायचा!

काहींनी तो भलताच कोंबला. २०१२ साली इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या ग्रंडी आर्ट गॅलरीत, अशाच मिनी गोल्फच्या वाटेत, कलाकार चॅपमन बंधूंनी हिटलरचा पुतळा उभा केला. पायांमधून चेंडू गेला की त्याचा हात सलामीला वर. व्हायचा तो गदारोळ झालाच. मला विचाराल तर हुकूमशहाच्या तंगड्यांतून चेंडू काढायची सोय कुठल्याच इतिहासाच्या पुस्तकात नाही. ब्लॅकपूलच्या त्या मिनी गोल्फची कल्पना डग फिशबोन या कलाकाराची. त्यानंच २०१५ मध्ये व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनाच्या वेळी तिथल्या मिनी गोल्फमध्ये कलंडलेल्या कोस्टा कॉन्कॉर्डिया या प्रवासी जहाजाची प्रतिकृती मांडली.

छोट्या टोल्यांचा हा खेळ तसा जुनाच. बायकांनी काठी खांद्याच्या वर नेणं शोभत नाही, म्हणून १८६७ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला त्यांच्यासाठी वेगळी उंचसखल हिरवळ राखली. तिला हिमालय म्हणतात. वॉकरमध्ये माझ्याबरोबर आलेल्या आमच्या सासूबाईंना शोभण्याची काळजी नव्हती. नेसायला सहावारी, पायात नातवाचे स्पोर्ट्स शूज. आधी कानाशी लागल्या, "अगं, मोडलं तर कोण भरणार?" मग पदर खोचला. जन्मभर कॅरम खेळलेली बाई. मी कलाकृतीची पाटी वाचेपर्यंत त्यांनी कठड्याचा कोन हेरला, चेंडू दोन भिंतींना थडकवला आणि भोकाच्या तोंडाशी आणून ठेवला. पुढचा टोला नुसता उपचार.

"काय लिहिलंय गं पाटीवर?"

"माणसाच्या एकाकीपणाबद्दल आहे, आई."

"असेल. माझे दोनच लिही."