आधी रंग, मग ओटा

नव्या स्वयंपाकघराच्या आखणीत सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे शटरचा रंग. त्यावर घरात दोन रविवार सहज खर्ची पडतात. त्याखालोखाल आग्नेय कोपरा. शेगडी तिथे नसेल तर भाकरी बहुधा फुगत नसावी. ओट्याची उंची मात्र सुतार स्वतःच्या कमरेवरून ठरवतो. ओटा पोळ्या लाटणारीच्या कोपरापेक्षा चारेक इंच खाली हवा, पण तिला विचारायचे राहून जाते. चिमणी कांदा-खोबरे भाजतानाच्या धुरासाठी घेतात आणि आवाज होतो म्हणून बंद ठेवतात. ओली भांडी पालथी घालायची जागा, मिक्सरचा प्लग, १४.२ किलोचा सिलिंडर या किरकोळ बाबी वास्तुशांतीनंतर आठवतात. मग सिलिंडर ड्राय बाल्कनीत जातो आणि चटणी टीव्हीशेजारच्या प्लगवर वाटली जाते.