कंटाळा आला, असं म्हणा की!

मराठी वाचक कादंबरीला कधीच कंटाळत नाही. निदान चारचौघांत तरी नाही.

परीक्षणं काढून बघा. प्रत्येक कादंबरी समकालीन वास्तवाचा वेध घेते. प्रत्येक लेखक आश्वासक असतो, सत्तरीतला असला तरी. एवढं सगळं उत्तम चाललेलं असताना वाचनालयातली पुस्तकं चाळिसाव्या पानापुढे कोरी करकरीत का असतात, हे मात्र कोणी सांगत नाही.

गेल्या काही महिन्यांत कादंबऱ्यांचा एक ढीग उपसला. थोड्या नव्या, बऱ्याच जुन्या. खरं काय वाटलं ते सांगतो. पटलं नाही तर भांडा, पण आधी पुस्तक वाचून या.

सुरुवात 'मृत्युंजय'पासून. १९६७ साली आली, अजून खपते आहे. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, शोण, वृषाली बोलतात आणि श्रीकृष्णही बोलतात. माणसं सहा, गळा एक. प्रकरणाचं नाव झाकून एखादं पान वाचावं आणि कोण बोलतंय ते ओळखावं. जमलं तर मला कळवा.

आणि हा कर्ण! व्यासांच्या सभापर्वात तो भर सभेत द्रौपदीबद्दल काय बोलतो, ते मुळातून वाचा. कवचकुंडलांचा झगमगाट जरा उतरतो. पण आपल्याला तो माणूस नकोच असतो. अन्याय झालेला देखणा नायक हवा असतो. कारण ऑफिसातला प्रत्येक जण मनातून कर्णच असतो.

द्रोणाचार्य म्हणजे अर्थातच साहेब.

'स्वामी'ही पुन्हा वाचली. माधवराव १६व्या वर्षी पेशवे झाले, २७व्या वर्षी थेऊरला गेले. मधल्या काळात पानिपतानंतर खचलेलं राज्य उभं केलं. एकीकडे निजाम, दुसरीकडे हैदर आणि घरात काका. इतक्या कामाच्या माणसाला उसासे टाकायला सवड कधी मिळाली? कादंबरीत भरपूर मिळते. समया तेवतात, शालू सळसळतात, डोळे पाणावतात. लोक म्हणतात, इतिहास कळला. कळला तो कपडेपट.

तरीही थेऊरच्या त्या शेवटाशी घसा दाटतो. दाटत नाही म्हणणारा खोटं बोलतो. रणजित देसाईंवर राग असेल तर तो याचाच.

या दोन पुस्तकांनी आपल्याला एक गैरसमज दिला. जाडी हा वाङ्मयीन गुण आहे, हा.

मग 'हिंदू' आली. २०१० साली, सहाशेच्या वर पानं घेऊन. उपशीर्षक 'जगण्याची समृद्ध अडगळ'. आत अडगळ आहे, असं लेखकाने मुखपृष्ठावरच सांगून टाकलंय. गिऱ्हाइकाला इतकी प्रामाणिक पूर्वसूचना बँकासुद्धा देत नाहीत. आणि खरंच, खानदेशातलं ते घर, त्या बायका, ती शेती यांवरची पानं अशी आहेत की जेवणाची हाक ऐकू येत नाही. नेमाडे गोष्ट सांगत असतात तोवर असंच चालतं. ते मत मांडायला लागले की पाणी प्यायला उठावंसं वाटतं.

हे मोठ्याने बोलून बघा. भक्त म्हणतात, तुम्हाला कळली नाही. विरोधक म्हणतात, वाचलीत कशाला? दोन्ही गटांना विचारायचा प्रश्न एकच, तुम्ही किती पानं वाचलीत? लगेच चहा मागवला जातो.

त्याच नेमाड्यांची 'कोसला' १९६३ची. नायकाची बहीण मनी जाते, ती पानं आजही एका बैठकीत वाचवत नाहीत. त्याबद्दल बोलायचं नसतं, गप्प बसायचं असतं. पण या पुस्तकाने एक घोटाळा करून ठेवला. होस्टेलवर लोळत पडणं म्हणजे अस्तित्वाचा शोध, असं पुढच्या कित्येक पिढ्यांतल्या मुलग्यांना वाटलं. त्यांतल्या काहींनी कादंबऱ्या लिहिल्या. साठ वर्षं उलटली. नायक अजून पुण्यातल्या खोलीवर पडून आहे.

भाडं कोण भरतं?

आता ढिगातलं सगळ्यात बारीक पुस्तक. विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९ सालची. इथे मात्र जरा थांबतो.

युरोपातून निघालेली एक बोट. तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू. त्यांत हॅर्टा. आणि मुंबईला परतणारा आपला चक्रधर विध्वंस. प्रेमाला मुदत किती? बोट धक्क्याला लागेपर्यंत. नायक काही फार भला माणूस नाही. लेखक त्याला भला करायच्या खटपटीतही पडत नाही. त्याच्या वागण्याला बालपणीच्या दुःखाची सबब जोडत नाही, शेवटी पश्चात्तापाची फुलंही वाहत नाही. वंशद्वेष, राष्ट्र, पासपोर्ट, उद्याचं युद्ध, हे सगळं त्या डेकवरच्या गप्पांत येऊन जातं. व्याख्यान म्हणून कुठेच येत नाही. तारीख लक्षात घ्या. पुढे छळछावण्यांत काय झालं, ते जगाला कळायच्या कितीतरी आधी मराठीत एक माणूस या लोकांबद्दल लिहीत होता.

आणि आज? आजच्या कादंबरीतला परदेश म्हणजे मुलाचं न्यू जर्सीतलं घर. तिथे आईला करमत नाही.

बेडेकरांनी दुसरी कादंबरी लिहिली नाही. सांगायचं ते सांगून झालं होतं. ही कला आता लोप पावली. पहिली कादंबरी बाजारात यायच्या आत त्रयीची घोषणा होते.

थोडक्यात सांगून थांबणं 'बनगरवाडी'लाही जमतं. १९५५ची. धनगरांची वस्ती, कोवळा मास्तर, तालीम आणि शेवटी दुष्काळ. माडगूळकर सूर्यास्ताला दोन ओळी देतात आणि पुढे चालू लागतात. आजचा लेखक सूर्यास्ताला प्रकरण देतो. सूर्यालाही एवढा वेळ लागत नाही.

'शाळा'बद्दल बोललं की माणसं दुरावतात. तरी बोलतो. २००४ची कादंबरी, काळ आणीबाणीचा, नववीतला मुकुंद आणि त्याची शिरोडकर. चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही पुरुषासमोर हे नाव काढा, तो हळवा होतो. पण शिरोडकरचं काय? येता-जाता एक मुलगा आपल्या मागावर असतो, त्याची टोळी हसत असते, याचं तिला काय वाटतं? पुस्तक मुकुंदाच्या डोक्यातून बाहेर येत नाही. मिलिंद बोकिलांनी ते प्रामाणिकपणे तसंच ठेवलं, दोष त्यांचा नाही. दोष इतकी वर्षं रुमाल काढणाऱ्यांचा. माझ्या परिचयातल्या एका बाईंनी पुस्तक संपवलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "असे चार मुकुंद माझ्याही मागे होते. वैताग नुसता."

इतकं नेमकं परीक्षण छापून आल्याचं मला आठवत नाही.

नव्यांकडे येऊ. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' मराठीत २००६ला आली. जेरी पिंटोंनी ती इंग्रजीत नेली २०१३ला, नेटफ्लिक्सवर दिसली २०२२ला. मग आपण विचारलं, ही मराठीत आहे का हो? एकाच भाडेकरूवर घरातला मुलगाही जीव टाकतो आणि मुलगीही. भाडेकरूचं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. आईवडिलांना अर्धंच कळतं आणि तेवढंही पेलत नाही. मध्यमवर्गीय दिवाणखान्याची इतकी थोडक्यात उलटतपासणी दुसऱ्या कुणी केली आहे का?

नंदा खरे यांची 'उद्या' लोकांना कधी कळली? त्यांनी साहित्य अकादमीचा पुरस्कार नाकारला तेव्हा. घेतला असता तर बातमी चार ओळींची झाली असती. पाळत ठेवणारी यंत्रं आणि कंपन्यांचं राज्य, असा त्यांचा उद्याचा काळ. पुस्तक २०१४चं. वाचताना भविष्याची भीती वाटत नाही, कारण ते कालच घडून गेलेलं असतं. भाषा मात्र अधूनमधून इंजिनिअरची होते. पात्रं बोलता बोलता टिपणं सादर करतात.

आणि 'रिंगाण'. कृष्णात खोत यांच्या या कादंबरीला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि शहरातल्या वाचकाला एकाएकी म्हशीत रस निर्माण झाला. गाव धरणात गेलेलं, म्हैस मागे राहिलेली आणि तिला आणायला निघालेला माणूस. बस्स. धरणग्रस्तांवर विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आहेच, मोठी, संतापलेली, कागदपत्रांनी भरलेली. ती वाचून सरकारचा राग येतो. 'रिंगाण' वाचून आपल्या नळाच्या पाण्याकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं. पहिली वीस पानं बोलीशी झटापट होते, हे खरं. पण इंग्रजी मालिका खाली अक्षरं वाचत रात्र-रात्र बघणाऱ्यांनी कोल्हापूरकडच्या बोलीची तक्रार करू नये.

मग बिघडतं कुठे? लेखकांपेक्षा जास्त बिघडतं लेखक आणि छापखाना यांच्यामधल्या रिकाम्या खुर्चीत. तिथे संपादक बसायचा. 'मौज'मध्ये श्री. पु. भागवत होते, राम पटवर्धन होते. हस्तलिखित परत पाठवायचे, पुन्हा लिहा म्हणायचे. लेखक चिडायचे, पण पुन्हा लिहायचे. आज बऱ्याच ठिकाणी हस्तलिखित थेट अक्षरजुळणीला जातं. मुद्रितं तपासणारा वेलांट्या दुरुस्त करतो. मधली दोनशे पानं दुरुस्त करणं त्याच्या कामात बसत नाही.

आणि आपण? आपण प्रकाशन समारंभाला जातो, पेढा खातो, सही घेतो. आठवड्याने लेखक भेटला की 'वाचतोय, सावकाश वाचतोय' असं सांगतो. तो खूश होऊन दुसरा खंड लिहायला बसतो.

त्या दुसऱ्या खंडाला जबाबदार कोण?

तेव्हा एवढं करा. पन्नास पानं प्रामाणिकपणे वाचा. पुढे जाववत नसेल तर पुस्तक मिटा आणि अपराधी वाटून घेऊ नका. लेखक ओळखीचा असेल तर त्याला तोंडावर सांगा, कुठल्या पानावर सोडलं तेही सांगा. तो वर्षभर बोलणार नाही. बोलू नये. त्याने त्या वर्षात बसून पानं कापावीत.