धपमीमांसा

बेसचा ठोका दोन जातींचा असतो : 'धप' आणि 'धबाऽब'. पहिला पडतो तिथेच बसतो, दुसरा पडल्यावर कूस बदलतो. या भेदावरून मांडवामागे जेवढी डोकी तापली, तेवढी द्वैत-अद्वैतावरूनही तापली नसतील. तरी त्यावर स्वतंत्र ग्रंथ नाही. ही उणीव प्रस्तुत लेखकास असह्य झाली आहे.

पूर्वपक्ष असा : 'धप' हा डॅम्पिंग फॅक्टरचा प्रसाद. स्पीकरचा इम्पीडन्स भागिले अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स, हे त्याचे सूत्र. माहितीपत्रकात आकडा ४०० असला की घेणारा मान डोलावतो. ४००० असला की कर्ज काढतो.

पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. कोन हलला की त्याची कॉइल चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि स्वतःच वीज निर्माण करते. त्या विजेला अ‍ॅम्पमधून फिरायला मोकळी वाट मिळाली, तर तीच कोनाला आवरते. प्रत्यक्ष प्रमाण हवे असल्यास सुटा वूफर घेऊन कोनावर बोटाने टिचकी मारावी. मग त्याची दोन्ही टोके तारेच्या तुकड्याने जोडून पुन्हा मारावी. दुसरी टिचकी मुकी येते. (प्रयोगाआधी अ‍ॅम्प सोडवून ठेवावा. शास्त्रार्थ परवडतो, दुरुस्ती नाही.)

आता खंडन. आठ ओहमच्या स्पीकरच्या कॉइललाच साधारण सहा ओहमचा रोध असतो आणि आवरणाऱ्या विजेला त्यातूनच जावे लागते. ४०० वाल्या अ‍ॅम्पचा इम्पीडन्स ०.०२ ओहम, ४००० वाल्याचा ०.००२. म्हणजे एकूण वाटेत ६.०२ च्या जागी ६.००२ : फरक हजारात तीन. कर्जाचा हप्ता मात्र पुरा. शिवाय मंडळाचा कार्यकर्ता त्या अ‍ॅम्पला दीड चौरस मिलिमीटरची वायर लावून बॉक्स वीस मीटरवर उभा करतो. जाऊन-येऊन चाळीस मीटर तांबे, सुमारे अर्धा ओहम. ४०० चा आकडा तिथेच १५ च्या आसपास येतो, आणि ४००० चाही जवळपास तिथेच.

मग आउटपुट इम्पीडन्स निरुपद्रवी म्हणावा? तेही नाही. फीडबॅक नसलेल्या, एकाच ट्रायोडवर चालणाऱ्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा इम्पीडन्स दोन-तीन ओहम असतो. आठ ओहमचा म्हणवणारा स्पीकर कुठल्या स्वराला सहा ओहम, तर बेसच्या अनुनादावर तीस ओहमही दाखवतो. अडीच ओहमच्या अ‍ॅम्पवर या दोन टोकांत दोन डेसिबलहून अधिक फरक पडतो. लोक याला 'उबदार आवाज' म्हणतात. हिशेबात तो नुसता ओहमचा नियम आहे, पण कानाला तो खरा आहे. यावरचा उतारा हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये हडसन नदीवरच्या फेरीबोटीत सुचला आणि त्यांनी तो वर्तमानपत्राच्या पानावरच उतरवला : ऋण फीडबॅक. त्याच्या एका प्रकाराने हा इम्पीडन्स ओहमच्या शतांशांवर आणता येतो.

खरा अपराधी बहुधा पॉवर सप्लायमध्ये दडलेला असतो. कपॅसिटर म्हणजे सोसायटीची गच्चीवरची टाकी. ती सेकंदाला शंभर वेळा थोडी थोडी भरते आणि ठोका पडला की सगळे नळ एकदम उघडतात. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्पमध्ये, २३० व्होल्टचे लांबलचक वायरीपुढे २०७ झाले की शिखरावरची शक्ती १९ टक्क्यांनी घटते. ऐकू येणारी घट डेसिबलहून कमी. पण ठोक्याचा माथा त्याआधीच छाटला जातो, आणि कान कुरकुरतो तो त्या छाटण्यावर. कपॅसिटर थकला तर शंभर हर्ट्झची गुणगुण वेगळीच. अमेरिकेत ती १२० ची असते. आपली गुणगुण षड्ज धरली तर त्यांची शुद्ध सहास-पाचाच्या प्रमाणात कोमल गंधार लागते. या जुगलबंदीकडे संगीतशास्त्र्यांनी अक्षम्य दुर्लक्ष केले आहे.

गिटारवाले मात्र आमच्या सिद्धान्ताला जुमानत नाहीत. व्हॉल्व्ह रेक्टिफायरच्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये जोरात छेडले की व्होल्टेज खचते, स्वर आधी दबतो आणि मग फुलतो. त्यांना नेमके तेच हवे असते. एडी व्हॅन हेलन व्हेरिअ‍ॅक लावून अ‍ॅम्पचे व्होल्टेज मुद्दाम उतरवत असे. आता तर ज्यांत व्हॉल्व्हच नाही अशा डिजिटल अ‍ॅम्पमध्ये 'सॅग' नावाची सेटिंग असते : भक्कम सप्लाय विकत घ्यायचा आणि तो खचल्याचे सोंग त्याच्याकडून करवून घ्यायचे. हा प्रकार कुठल्या प्रमाणात बसवावा, हे न्यायशास्त्रात सापडत नाही.