नेतृत्वाचा चिकित्सक अभ्यास

शिक्षणशास्त्रातला पीएच.डी.चा प्रबंध ओळखायचा असेल तर शीर्षक वाचावे, आतले वाचायची गरज उरत नाही. ‘अमुक जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतील मुख्याध्यापकांच्या नेतृत्वशैलीचा शिक्षकांच्या कार्यसमाधानावर होणाऱ्या परिणामाचा चिकित्सक अभ्यास.’ जिल्हा बदला, प्राथमिकचे माध्यमिक करा, कार्यसमाधान काढून तिथे ताणतणाव घाला, की नवा विषय तयार. ‘चिकित्सक’ला मात्र हात लावू नये. तो काढला की सारा डोलारा कोसळतो.

आमच्या ओळखीचे एक सर सध्या या चिकित्सेत अडकले आहेत. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेचे ते प्रभारी मुख्याध्यापक. डी.एड. करून शिक्षणसेवक म्हणून चिकटले, मग नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पदवी, बी.एड., एम.ए., एम.एड. अशा पायऱ्या चढत आता पीएच.डी.च्या उंबऱ्यावर आलेत. विषय अर्थातच शैक्षणिक नेतृत्व. हे नेतृत्व ते प्रत्यक्षात एका बाईंचे करतात. बाई प्रशिक्षणाला गेल्या की नेतृत्व करायला कुणी उरत नाही. पहिली ते चौथीचे वर्ग तेवढे उरतात.

पहिला डोंगर ना-हरकत पत्राचा. यूजीसीच्या 2022 च्या नियमावलीप्रमाणे नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करणाऱ्याने आपल्या कार्यालयाकडून लिहून आणायचे असते की, याला शिकायला परवानगी आहे, कामातून याला संशोधनापुरता वेळ मिळतो आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी याला मोकळे करू. मधले कलम वाचून पंचायत समितीतले बाबू खुर्चीत ताठ झाले. “सर, तुम्हाला पुरेसा वेळ असतो हे आम्ही सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायचं? बरं झालं सांगितलंत. बीएलओसाठी माणूस कमीच पडत होता.” पत्र रखडले. मतदारयादी मात्र त्याच आठवड्यात पोचली.

तक्रार करायची सोय नाही. शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये, असे 2009 चा शिक्षण हक्क कायदा कलम 27 मध्ये स्वच्छ सांगतो. अपवाद फक्त जनगणना, आपत्ती आणि निवडणुका. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत आपल्याकडे किती निवडणुका होतात आणि आपत्ती किती येतात, हे वाचकांनीच मोजावे. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, यू-डायसची माहिती, वृक्षारोपणाचे फोटो हे सगळे तर शैक्षणिकच. त्याला अपवादही लागत नाही.

तेव्हा संशोधन सुरू होते रात्री दहानंतर. मुदत जास्तीत जास्त सहा वर्षांची, महिलांना वर आणखी दोन. नियम करणाऱ्यांपैकी एकाने तरी घरात पाऊल टाकलेले असावे.

‘संबंधित साहित्याचा आढावा’ या दुसऱ्या प्रकरणात सर अमेरिकेला जाऊन आले. कुर्ट लेविन आणि सहकाऱ्यांनी तिथे दहा वर्षांच्या मुलांचे क्लब केले, मुखवटे बनवायला दिले आणि वरच्या मोठ्या माणसाची वागणूक बदलून पाहिली. एक हुकूमशाही, एक लोकशाही, एक सगळे मोकळे सोडणारी. हा अभ्यास 1939 सालचा. त्याशिवाय आपल्याकडे नेतृत्वाचा प्रबंध बाइंडिंगला जात नाही. पुढे 1978 चे जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांचे परिवर्तनवादी नेतृत्व. सरांनी हे सगळे मन लावून वाचले. पंचाईत एवढीच की त्यांची स्वतःची शैली यातल्या एकाही कप्प्यात बसेना. ‘अतितात्काळ, आज पाच वाजेपर्यंत’ असा संदेश वरून पाच वीसला येतो. तो केंद्रप्रमुखांनी सरांना पाठवलेला असतो, केंद्रप्रमुखांना विस्तार अधिकाऱ्यांनी आणि विस्तार अधिकाऱ्यांना गटशिक्षणाधिकाऱ्यांनी. सर तो बाईंना पाठवतात. बाईंच्या खाली पाठवायला कुणी नसल्यामुळे काम त्याच करतात. याला आम्ही अग्रेषणवादी नेतृत्व म्हणतो. महाराष्ट्रातली शिक्षणव्यवस्था याच शैलीवर चालते आणि या शैलीवर अजून कुणी चिकित्सक अभ्यास केलेला आमच्या पाहण्यात नाही.

मग प्रश्नावली. लिकर्ट साहेबांनी 1932 मध्ये काढलेली पाच घरांची पट्टी: पूर्णतः सहमतपासून पूर्णतः असहमतपर्यंत, मधे तटस्थ. सरांनी प्रश्नावल्या शाळाशाळांतून वाटल्या. आम्ही एका शाळेचा गठ्ठा उलटून पाहिला. सगळ्या शिक्षकांची उत्तरे एकाच हिरव्या पेनाने, एकाच तिरप्या टिकेने भरलेली. हिरवे पेन कुणाच्या खिशाला असते हे शाळेत गेलेल्या कुणालाही सांगायला नको. ‘माझे मुख्याध्यापक निर्णय घेताना मला विश्वासात घेतात’: पूर्णतः सहमत. चार विधाने खाली, ‘माझे मुख्याध्यापक मला न विचारता निर्णय घेतात’: पूर्णतः सहमत. दुसरे विधान शिक्षक वाचून उत्तर देतो का हे पकडण्यासाठी घातलेले असते. पकडले गेलेही. पण ते गठ्ठे बाजूला काढले तर न्यादर्श पुरत नव्हता, म्हणून आत घेतले. आकडे तालुक्याच्या डीटीपी सेंटरवर गेले. तिथे टंकलेखन, बाइंडिंग, लग्नपत्रिका आणि संख्याशास्त्र एकाच काउंटरवर मिळते. निष्कर्ष 0.05 स्तरावर सार्थक निघाला. शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात आला. सरांच्या अधिकारात त्याग करण्याजोगी ती एकच गोष्ट होती.

आता जे प्रबंधात नाही ते सांगतो. दिवाळीच्या सुमारास मुकादम टोळ्या घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि पोरे आईबापांबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात. ती परततात तेव्हा वर्ष जवळपास संपलेले असते. सर टोळी निघायच्या आधीपासून घरोघर फिरतात. त्यांच्या खिशात एक वही असते. मुलाच्या नावापुढे आजीचे नाव, आणि त्यापुढे तीन रकाने: आजीला दिसते का, चूल पेटवता येते का, शेजारी कोण. जिथे आजीवर भागत नाही तिथल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव. ज्या बापाने उचल घेतली आहे त्याच्याशी कसे बोलायचे, मुकादमाला कुणाच्या तोंडून सांगायचे, हे सगळे त्यांच्या डोक्यात आहे. मागे राहिलेल्या पोरांत चौथीतली पहिलीतल्यांना वाचायला बसवतात, तोवर सर दुसरी-तिसरीची गणिते घेतात. लेविन साहेबांच्या क्लबात हे झाले नसते.

सरांनी भीत भीत ही वही मार्गदर्शकांपुढे ठेवली. मार्गदर्शक सज्जन गृहस्थ. त्यांनी ती पुरी वाचली आणि म्हणाले, “छान आहे, पण हे अनुभवकथन झालं. यात स्वाश्रयी चल कोणतं, आश्रयी चल कोणतं? आजी कशात धरायची?” सरांना उत्तर देता आले नाही. वही परत खिशात गेली. शाळा चालवणे जमलेल्या माणसाला पदवी हवी असेल, तर शाळा कशी चालवली हे वगळून बाकी सगळे लिहावे लागते.

पुढचा प्रवास सरळ आहे. प्रबंधाची साम्य-तपासणी होईल. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, म्हणजे तेवढी उसनवारी सरकारमान्य. मग मौखिक परीक्षा, मग शोधगंगेवर प्रत अपलोड. पाचव्या प्रकरणात शिफारशी असतील: ‘शासनाने मुख्याध्यापकांना निर्णयस्वातंत्र्य द्यावे’, ‘अशैक्षणिक कामे कमी करावीत’. या शिफारशी आधीच्या प्रबंधांतही होत्या, सरांनी त्या तिथूनच घेतल्या. दहा टक्क्यांत बसतात.

मिळणार काय? कॉलेजात सहायक प्राध्यापक म्हणून लागताना पीएच.डी. असली तर यूजीसीच्या नियमांत पाच आगाऊ वेतनवाढी आहेत. सर कॉलेजात नाहीत. जिल्हा परिषदेत मुख्याध्यापकपद येते सेवाज्येष्ठतेने. त्या यादीत ‘डॉ.’ हा रकाना नसतो. भाच्याच्या लग्नपत्रिकेत मात्र नावाआधी डॉक्टर छापून येईल आणि गावातली निम्मी माणसे बीपी तपासायला दाराशी येतील. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुख्याध्यापकांनी वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकास करावा असे म्हटले आहे. पीएच.डी.चे तास त्यात धरतात का, असे सरांनी केंद्रावर विचारले. “वरून पत्र आलं की कळवू,” असे उत्तर मिळाले.

वरून आले ते वेगळेच. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण व्हावे, नाहीतर नोकरी सोडावी. टीईटी सुरू होण्याआधी लागलेले आमचे सर त्यात आले. शिक्षणशास्त्राचा डॉक्टर शिक्षक व्हायला लायक आहे की नाही हे आता बहुपर्यायी प्रश्नांवर ठरेल. प्रबंधाचे पाचवे प्रकरण अर्धवट ठेवून सर सध्या बालमानसशास्त्र आणि मराठी व्याकरण करतात. पेपर 150 गुणांचा आहे, खुल्या प्रवर्गाला 90 लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेव्हा सर, एकही प्रश्न कोरा सोडू नका. तिथे ‘तटस्थ’ हा पर्याय नसतो.