हिरकणी, बुरूज आणि एसटीची घंटी

महाड स्टँडवरून पोलादपूरची गाडी सुटली आणि आमच्या चार वर्षांच्या नातवाने टाहो फोडला. कारण काय, तर घंटी कंडक्टरने वाजवली. ती म्हणे हा वाजवणार होता. हे कंडक्टरला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हालाही तेव्हाच कळलं.

नांगलवाडी फाट्यापर्यंत बिस्किटं संपली, पुढे माझा मोबाईलही देऊन झाला. सुनेने बजावलं होतं, "आबा, त्याच्या भावना दाबू नका." मी दाबल्या नाहीत, त्या सबंध गाडीने ऐकल्या. शेजारी पाटी घेऊन बसलेली बाई म्हणाली, "रडू दे वो. दमला की गप ऱ्हाईल." मला ती फारच जुन्या वळणाची वाटली.

पोलादपूरला साडूंकडे पानं मांडलेली. आणि मी, अडुसष्ट वर्षांचा शहाणा माणूस, स्टँडवर उभ्या असलेल्या महाडच्या गाडीत चढलो. पोराला घंटी वाजवता यावी म्हणून! हिशेब पक्का होता: पोर पाच वर्षांखालचं म्हणून फुकट, मी ज्येष्ठ म्हणून अर्धा, आमची ही 2023 पासून बाई म्हणून अर्धी. सगळा हट्ट एका फुल तिकिटात.

कंडक्टर भला माणूस. त्याने पोराला उचलून दोरी हातात दिली. टिंग टिंग! गाडी हलली, पोर खूश. खुशीत त्याने दोरी आणखी एकदा ओढली. दोन घंट्या म्हणजे चला, एक म्हणजे थांबा. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, कुणाचे तरी नारळ गडगडत दाराशी आले, दोरी काढून घेतली गेली आणि पुन्हा टाहो.

"हिरकणीसुद्धा एकदाच उतरली हो," ही म्हणाली.

हिरकणी आमच्याच तालुक्यातली. कोजागिरीला दूध विकायला रायगडावर गेली, दरवाजे बंद झाले, तान्हं घरी भुकेलं, म्हणून कडा उतरली, अशी कथा. एसटीने तिच्या नावाची निमआराम गाडी काढली, स्टँडवर हिरकणी कक्ष केले. पण कथेचा शेवट आम्ही आजीआजोबा सोयीने विसरतो. महाराजांनी तिचा साडीचोळी देऊन सन्मान केला आणि त्याच कड्यावर बुरूज बांधून ती वाट कायमची बंद केली. कौतुक कौतुकाच्या जागी, बंदोबस्त बंदोबस्ताच्या. शिवाय तिचं पोर भुकेलं होतं. आमच्याने नुकताच बिस्किटांचा पुडा फस्त केला होता.

पुढच्या रविवारी पुन्हा तीच गाडी. कंडक्टरने घंटी दिली, पोराने टाहो फोडला. मी खिडकीबाहेर सावित्री बघत बसलो. सुनेचा फोन आला, तो हिने घेतला आणि "रेंज नाही गं" म्हणून ठेवला.

राजेवाडीच्या आत पोर झोपलं.