फीला अर्धे, मांडवाला सगळे

देशातल्या कुठल्याही यादीत पहिल्या शंभरात येणं बीडच्या नशिबी क्वचितच. २०१५ साली तो योग आला. २०११च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या, राज्यात सगळ्यांत कमी, आणि ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’च्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत बीडची वर्णी लागली. २२ जानेवारीला पंतप्रधानांनी या मोहिमेचा आणि सोबत सुकन्या समृद्धी खात्याचा नारळ फोडला, तो पानिपतात. जागा निवडताना मराठी माणसाला कुणी विचारलं नसावं.

खात्याचा थाट मोठा. भरताना ८०-सीची सूट, व्याजावर कर नाही, काढतानाही कर नाही. आयकर खात्याने तीनदा पाठ फिरवावी, हे भाग्य फार थोड्या पैशांच्या वाट्याला येतं. दहा वर्षांच्या आतल्या मुलीच्या नावे खातं उघडायचं, पंधरा वर्षं भरायचं, उघडल्यापासून एकविसाव्या वर्षी मोकळं व्हायचं. व्याज २०२४ सालापासून ८.२ टक्के.

आता हिशेब मांडू. तालुक्याचे डॉक्टर वर्षाला कमाल दीड लाख भरू शकतात. हाच दर टिकला तर शेवटी सुमारे ७० लाख हाती येतात, सगळे करमुक्त. (नवी करप्रणाली घेतली की ८०-सीची सूट गेली, हे डॉक्टरांना त्यांचा सीए सांगतो.) वडवणी-धारूरकडचा ऊसतोड मजूर किमान रक्कम भरतो, वर्षाला २५० रुपये. त्याच व्याजाने, तितक्याच वर्षांनी त्याच्या लेकीच्या हाती बारा हजारांच्या आसपास पडतात. तेही करमुक्त! सरकार भेदभाव करत नाही. ज्याने जन्मात आयकराचा कागद पाहिला नाही, त्यालाही आयकर माफ.

ते २५० भरायलासुद्धा मुहूर्त लागतो. आर्थिक वर्ष संपतं ३१ मार्चला, आणि दिवाळीच्या सुमारास निघालेली टोळी तेव्हा बहुधा सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकातल्या फडात, कोपीत असते. पावसाळ्यात गावी असताना भरता येतात, हे खरं. पण पावसाळ्यात हातात पैसे खेळत असते तर फडात कोण गेलं असतं? वर्ष हुकलं की ५० रुपये दंड. म्हणजे २५०वर २० टक्के. जिल्ह्यातल्या बड्या बागायतदाराला हा दर ऐकूनच घाम फुटेल. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, एकर कितीही असोत.

खरी मजा मुलगी दहावी झाली की सुरू होते. दहावी पास किंवा १८ पूर्ण, जे आधी होईल त्यानंतर शिक्षणासाठी पैसे काढता येतात; पण मागच्या मार्चअखेरच्या शिलकीतले निम्मेच. पोस्टाच्या खिडकीवर अर्ज, पासबुक आणि प्रवेशाचं पत्र किंवा संस्थेची फीची पावती सरकवायची. पावतीवर आकडा असेल तेवढेच मिळतील. हप्त्याने हवे असतील तर वर्षातून एकदाच, फार तर पाच वर्षं.

बीडच्या हुशार मुलीची दहावीनंतरची वाट बऱ्याचदा लातूरला जाते, नीटच्या क्लासकडे. खासगी क्लासच्या फीवर जीएसटी १८ टक्के. लाखाच्या फीवर अठरा हजार. मजुराच्या लेकीची एकवीस वर्षांची करमुक्त पुंजी बारा हजार, आणि क्लासच्या एका पावतीवरचा कर अठरा. आयकरवाल्यांनी सोडलं ते जीएसटीवाल्यांनी उचललं.

लग्नाचं तसं नाही. १८ पूर्ण झालेल्या मुलीचं लग्न ठरलं की खातं मुदतीआधी बंद करून सगळी रक्कम मिळते, व्याजासकट, एक पैसा कर न कापता. लग्नाआधी एक महिना ते लग्नानंतर तीन महिने एवढ्यात अर्ज करायचा. स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, त्यावर नोटरीचा शिक्का, सोबत वयाचा दाखला. झालं. मंडपवाल्याची, आचाऱ्याची, डीजेची पावती कुणी मागत नाही. कॉलेजच्या प्राचार्यांपेक्षा बँडवाल्यावर सरकारचा भरवसा जास्त.

अमेरिकेत अगदी उलटं. न्यू जर्सीतल्या मराठी आईबापांना ‘५२९’ नावाची योजना तोंडपाठ असते. १९९६ पासून ती तिथल्या करकायद्यात आहे. कॉलेजच्या खर्चाला पैसे काढले तर वाढीवर केंद्रीय कर नाही. लेकीच्या लग्नाला काढले तर वाढीवर नेहमीचा आयकर, वर १० टक्के दंड. त्या देशाला मांडवाची किंमत कळत नाही, दुसरं काय?

आपल्या नियमात एक अट मात्र कडक आहे: १८च्या आतल्या लग्नाला दमडी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. त्यांच्या मांडवाला सुकन्येचा आधार नव्हता. टोळीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात, आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. पोराचं लग्न लावलं की घरात आणखी एक कोयता, आणखी एक उचल. तिला फीची पावती लागत नाही, वयाचा दाखला लागत नाही, आणि ती कर्जच असल्याने तिच्यावर आयकरही बसत नाही.