बॉटावर बोट

आमच्या मामांना माणसं ओळखता येत नाहीत, ही मामींची लग्नापासूनची तक्रार आहे. स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी होणाऱ्या व्याह्यांना वाढपी समजून पाण्याचा जग आणायला पिटाळलं होतं. पण जे माणूस नाही, ते मामा लांबून ओळखतात. मोबाइलच्या पडद्यावर शंभर बाहुल्या इकडून तिकडे पळत असतात. त्यातल्या एकीवर ते बोट ठेवतात आणि म्हणतात, "हा पाय. हा बॉट."

मामींना सुरुवातीला 'बोट' ऐकू यायचं. "काय झालं बोटाले?" म्हणत त्या हळदीचा डबा घेऊन धावायच्या. आता धावत नाहीत.

मामा भीमपूरचे. आदिलाबाद जिल्ह्यात 2016 साली जी नवी तालुकेवजा मंडळं झाली त्यातलं हे एक. वर पैनगंगा, पल्याड यवतमाळ जिल्हा. पाट्या तेलुगूत, भांडणं मराठीत आणि बँकेतली विनवणी हिंदीत, असा इथला कारभार. टिपेश्वर अभयारण्यातला वाघ अधूनमधून नदी ओलांडून तेलंगणात येतो. मग फॉरेस्टवाले चिखलातल्या पंजाचे ठसे शोधत फिरतात आणि गावातली निम्मी माणसं त्यांना चुकीच्या दिशेला पाठवतात. मामांची बॉटविद्या तिथूनच आलेली आहे. वाघ पंजावरून ओळखायचा, बॉट पावलावरून.

त्यांना खेळाचा नाद लागला तो 2020च्या लॉकडाऊनमध्ये, नातवाच्या फोनवर. खेळाचं नाव मी सांगत नाही, कारण पुढे भानगड आहे. त्यात एक गाव असतं, जंगल असतं, खाण असते आणि बाजार असतो. जंगलात लाकूड तोडायचं, बाजारात विकायचं, नाणी साठवायची, नाण्यांतून चांगली कुऱ्हाड घ्यायची आणि आणखी लाकूड तोडायचं. मामींनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग वावरात काय येगळं करता?"

वेगळं हे होतं की खेळात भाव मिळत होता. मामांनी कापसाच्या हिशेबाची जुनी वही उलटी करून मागच्या पानापासून लाकडाचे भाव मांडायला सुरुवात केली. पहिलं वर्ष बरं गेलं. मग भाव उतरायला लागला आणि उतरतच गेला. पाऊस नाही, आयात नाही, सरकार बदललेलं नाही, मग भाव का पडतो? मामा तीन रात्री जंगलात जागले. म्हणजे खेळातल्या जंगलात. चौथ्या पहाटे त्यांनी मला आदिलाबादला फोन केला.

"भाश्या, ते झोपत नाहीत बे!"

"कोण?"

"लाकडं तोडनारे. म्या रात्री अकराले पायले, दोनले पायले, आत्ता पायले. मुतालेही जात नाहीत."

बॉट म्हणजे माणसाच्या जागी खेळणारा प्रोग्राम, एवढं मी त्यांना सांगितलं. पुढचं अर्थशास्त्र त्यांनी मला सांगितलं, आणि ते इतकं चोख होतं की इथे उतरवून ठेवतो. बॉटला जे सहज मिळवता येतं ते स्वस्त होतं, म्हणून लाकूड, कोळसा, मासे हा गरिबाचा माल मातीमोल होतो. खेळातले राक्षस मारले की नाणी हवेतून पडतात. बॉट दिवसरात्र राक्षस मारतो, म्हणून नाणंही स्वस्त होतं. महाग काय होतं, तर जे बॉटला मिळवता येत नाही तेवढंच. "आपल्यासारखंच," मामा म्हणाले. "कापूस सस्ता, सोयाबीन सस्ता, जवाई महाग."

खेळातला बाजार म्हणजे हौद. हौदाला नळ असतो तशी मोरीही लागते. नाणी येतात तशी कुठेतरी वाहून गेली पाहिजेत. कुऱ्हाडीची दुरुस्ती, घोड्याचा खुराक, बाजाराची पट्टी ही खेळातली मोरी. 'ओल्ड स्कूल रुनस्केप' या खेळाने 2021च्या डिसेंबरात आपल्या बाजारातल्या विक्रीवर एक टक्का कर बसवला. त्या पैशातून कंपनी वस्तू विकत घेते आणि चक्क नष्ट करते. हे मी सांगितलं तेव्हा मामा उठून बसले. ज्या माणसानं अडत, हमाली, तोलाई आणि कट्टी यांच्या नावानं आयुष्यभर बोटं मोडली, तो म्हणाला, "एक टक्का कमी झाला. दोन पायजेत."

मराठीत फसलेल्याला मामा बनवला म्हणतात. आमचे मामा आधीपासूनच मामा असल्यामुळे आपल्याला कोणी बनवू शकत नाही, असा त्यांचा दावा आहे. एका वर्षी बोगस बियाण्यानं त्यांना सहा एकरांत बनवलं होतं, पण तो विषय त्यांच्यासमोर काढायचा नसतो. बॉटला मात्र ते 'बोगस'च म्हणतात. कृत्रिम बुद्धी वगैरे शब्द ऐकवले तरी मान हलवतात आणि म्हणतात, "उगवते, पन बोंड धरत नाही. बोगसच."

त्यांच्या तपासाच्या पद्धती पाहण्यासारख्या आहेत. पहिली परीक्षा चालीची. माणूस झाडाकडे जाताना थोडा वाकडा जातो, मध्ये थांबतो, उगाच परत फिरतो. बॉट एकाच फरशीवर पाय ठेवतो. दुसरी परीक्षा बोलण्याची. मामा इंग्रजीत 'हॅलो' लिहितात. उत्तर आलं नाही तर तेलुगूत 'एमन्ना' लिहितात, तरी नाही आलं तर मराठीतली एक अस्सल शिवी लिहितात. शिवीलाही जो गप्प बसतो तो बॉट, किंवा मग मामांचा जावई. तिसरी परीक्षा खळ्याची. दहा जण तोडलेलं लाकूड एकाच्याच खात्यात आणून टाकत असतील, तर ते दहा गडी आणि तो एक मालक. ही शेवटची परीक्षा ऐकून मी चाट पडलो, कारण खेळाच्या कंपन्याही हाच माग काढतात. माल कोणाकडून कोणाकडे फुकट जातो, तिकडे त्यांचं लक्ष असतं.

मालक नंतर गावातच सापडला. पलीकडच्या गल्लीतला पोरगा, आठ जुने फोन एका पाटावर मांडून बसलेला. पंख्याची हवा पोराला नाही, फोनांना. जमलेली नाणी तो ऑनलाइन कुणाला तरी खऱ्या पैशांत विकायचा. मामा त्याला जाब विचारायला गेले आणि चहा घेऊन परत आले. पोराचं रडगाणं असं की बॉट इतके वाढले की नाण्याचा भावच बसला. आठ फोन मिळून निंदणीच्या बाईची मजुरीसुद्धा सुटत नाही. "त्यालेही बोगसनंच मारलं," मामा म्हणाले, आणि तक्रार करायची ती केलीच.

या सगळ्यावर जगानं काय उपाय केले, ते मामांना तोंडपाठ आहे. मी त्यांना वाचून दाखवत गेलो आणि ते निकाल देत गेले. 'रुनस्केप'ने डिसेंबर 2007 मध्ये खेळाडूंचा आपसातला मोकळा व्यापारच जवळपास बंद केला, म्हणजे नाणी विकणाऱ्यांना माल पोचवता येऊ नये. प्रामाणिक खेळाडूही चिडले. मामांचा निकाल: "उंदरासाठी घर जाळलं." फेब्रुवारी 2011 मध्ये व्यापार परत मोकळा केला, तर बॉटांचा लोंढा आला. त्याच वर्षी 25 ऑक्टोबरला कंपनीनं एका दिवसात, तिच्या सांगण्याप्रमाणे, 15 लाखांवर खाती उडवली. निकाल: "हे बरं केलं. निंदन एकदमच करा लागते." 'डायब्लो 3'वाल्यांनी उलटंच केलं. चोरबाजार होणारच आहे तर खऱ्या पैशांचा बाजार आपणच मांडू, म्हणून 2012 मध्ये लिलावघर उघडलं आणि मार्च 2014 मध्ये बंद केलं, कारण लोक राक्षस मारायचं सोडून दुकानात उभे राहायला लागले. निकाल: "आठवडी बाजारात कोन वावर वाहते?" आणि 'ईव्ह ऑनलाइन' या खेळाच्या आइसलँडमधल्या कंपनीनं 2007 मध्ये खेळातली अर्थव्यवस्था सांभाळायला खराखुरा अर्थशास्त्रज्ञ नोकरीला ठेवला, हे ऐकल्यावर मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पगार काय देतात?"

त्यांची सर्वांत आवडती गोष्ट 'बॉटनी बे'ची. रुनस्केपमध्येच काही काळ पकडलेल्या बॉटांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून खेळाडूंसमोर खटला चालायचा, आणि शिक्षा काय द्यायची ते खेळाडू मतानं ठरवायचे. मामांच्या मते ग्रामसभा अशी असायला पाहिजे.

रमीच्या बाबतीत मात्र ते बोलणं टाळतात. तेलंगणात पैशांची ऑनलाइन रमी 2017 पासून बंद, महाराष्ट्रात तेव्हा चालू. त्यामुळे मधली काही वर्षं संध्याकाळी पैनगंगेच्या काठाला हवा खायला जाणारी मंडळी फार वाढली होती. फोनला वाटायचं आपण यवतमाळात आहोत. ऑगस्ट 2025च्या केंद्राच्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ देशभर बंद केले आणि काठावरची हवा एकदम बिघडली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ईडीनं एका मोठ्या कंपनीवर आरोप केला, की लोक समोर माणूस आहे असं समजून पैसे लावत होते आणि समोर प्रोग्राम खेळत होता. मामांच्या खेळात बॉट म्हणजे कुंपण तोडून आलेलं ढोर. इथे आरोप असा, की ढोर मालकानंच सोडलं. मामांनी या बातमीवर एवढंच विचारलं, की काठावर बसणाऱ्यांत आपण होतो हे मामींना कोणी सांगितलं.

संशयाचं एक आहे, तो एका जागी बसत नाही. रेल्वेनंच सांगितलं होतं की तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे निम्मे प्रयत्न बॉटांचे असतात, आणि अडीच कोटी आयडी बंद केल्याचंही सांगितलं. तेव्हापासून नंदीग्राम एक्स्प्रेसचं वेटिंग तिकीट हातात आलं की मामा डब्यातल्या प्रत्येकाकडे निरखून बघतात. 2025च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे कापूस महामंडळाला, कापूस द्यायला 'कपास किसान' अॅपवर आधी स्लॉट घ्यायची पद्धत आली. मामा अॅप उघडून बसले तोवर त्यांना हवा तो दिवस भरलेला. "बॉट!" ते ओरडले. ते बॉट नव्हते. ते पलीकडच्या गावातले शेतकरी होते, आमच्या आधी उठलेले.

आता भानगड. गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी खेळानं मामांनाच अडवलं. पडद्यावर नऊ चित्रं आली आणि खाली सूचना: तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, अग्निशमन नळ असलेले चौकोन निवडा. मामांनी चित्रं पाहिली. रस्त्याच्या कडेला बुटका, गोल डोक्याचा, लालभडक खांब. त्यांनी पायातल्या चपला काढल्या. "शेंदूर लावेल हाय. म्हसोबा हाय हा," ते म्हणाले, "देवाले बोट कसं लावू?" आणि देव नसलेले सगळे चौकोन निवडले. दुसऱ्यांदा ट्रॅफिक सिग्नल आला. भीमपुरात सिग्नल नाही, त्याची गरज पडेल एवढी वाहनं एका वेळी एका दिशेनं कधी आलेली नाहीत. मामांनी विजेचे खांब निवडले. तिसऱ्यांदा काय आलं ते पाहायला मिळालं नाही. खातं बंद.

कारण इंग्रजीत होतं, मी समजावून सांगितलं. हा खेळाडू रोज पहाटे 4 ते 6 याच वेळात खेळतो, चार वर्षांत एकदाही दांडी नाही. एकाच वाटेनं जातो, एकाच झाडापाशी थांबतो, ठरावीक अंतरानं बोट टेकवतो. त्याच्याशी बोललं तर उत्तर देत नाही, किंवा एकच अनाकलनीय शब्द पाठवतो. तो शब्द म्हणजे शिवी.

मामा सुन्न बसले. चाळीस वर्षं तिफण धरलेला माणूस, त्याचं तास वाकडं कसं जाईल? सीसीआयच्या सेंटरवर कापसात ओलावा मोजायचं यंत्र खुपसतात. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12पर्यंत कट्टी, वर गेला की गाडी परत. माणुसकीच्या यंत्रात मामा 12च्या वर निघाले होते. मामी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "कंपनीले आत्ता समजलं. म्या लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी वळखलं होतं."

अपील केलं. सोबत आधार कार्ड, पट्टादार पासबुकाचं पहिलं पान आणि बैलासोबतचा फोटो. बैल आहे म्हणजे माणूस असणारच, हा मामांचा युक्तिवाद. दोन मिनिटांत उत्तर आलं की आपलं अपील काळजीपूर्वक वाचून फेटाळण्यात आलं आहे. मामांनी घड्याळाकडे पाहिलं. "दोन मिनिटात कोनता मानूस काळजीनं वाचते?" ते म्हणाले, आणि उत्तर देणाऱ्याचीच बॉट म्हणून तक्रार ठोकली.

आता नवं खातं उघडलंय. यावेळी सावधगिरी आहे. दर अर्ध्या तासानं फोन पाच मिनिटं धाकट्या नातीच्या हातात जातो. ती चार वर्षांची आहे आणि तिच्यावर आजवर कोणीही बॉट असल्याचा संशय घेतलेला नाही. परवा तिनं आजोबांचं आठवडाभराचं लाकूड देऊन एक लाल टोपी घेतली. मामांनी ती घातलीय. मधल्या वेळात मामा स्वतः चुका करतात. मुद्दाम वाट चुकतात, नदीत उतरून परत येतात, दोन मिनिटं भिंतीला डोकं आपटत उभे राहतात.

तेव्हा एक विनंती. पहाटे 4 ते 6च्या दरम्यान कुठल्याही खेळात लाल टोपीचा एखादा लाकूडतोड्या भिंतीवर धडका देताना दिसला आणि तुमच्या 'हॅलो'ला त्यानं शिवी दिली, तर कृपा करून तक्रार करू नका. ते आमचे मामा आहेत.